पहिली फेरी

भंगारातून उचललेली टू-स्ट्रोक डर्ट बाईक थोरल्याने वर्षभर खपून उभी केली. टाकीला जुन्या जमान्यातला क्रीम रंग, वर लाल पट्टा. पहिल्याच फेरीत इंजिन किंचाळलं आणि चाक जागीच जाम झालं. पिस्टन चिकटला! कसा? तेल तर त्याने स्वतः मोजून पेट्रोलमध्ये मिसळलं होतं. या इंजिनाला दुसरं वंगणच नसतं.

गाडी ढकलत तो दारात आला. तिला ऊठसूट भंगार म्हणणारे बाबा आज हसत उभे होते.

"पेट्रोल पार तेलकट झालेलं रे. ओतून टाकलं, शुद्ध भरलं. म्हटलं, आपलाही हात लागू दे."

थोरल्याने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मेलं, नेमकं आजच विरघळायचं होतं यांना!

"मग बंद का पडली?"

"भंगारच ती, बाबा. तुमचंच खरं."