पोटाखालचं करडू

शुक्रवारी शाळा बंद आणि नवऱ्याची, अश्वजितची शिफ्ट, म्हणून लेकीला, अक्षताला माझ्याबरोबर इथं आखातात, सीफ भागातल्या गॅलरीत न्यावं लागलं. प्रदर्शनाला आलेली चित्रं तपासून त्यांचे फॉर्म भरणं हे माझं काम. त्या दिवशी टेबलावर बरोक काळातलं, साडेतीनशे वर्षांचं इटालियन रेखाटन होतं, अजून फ्रेमही न केलेलं. पडक्या कमानीखाली काठीवर रेललेला गुराखी, एक बैल, शेळ्या. सगळं तपकिरी शाईत. फॉर्मवर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं: शेळ्या सात.

रिसेप्शनचा फोन वाजला. मी दोनच मिनिटं गेले. परत येते तर अक्षता टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी, हातात तिची तपकिरी रंगपेन्सिल.

मी शेळ्या मोजल्या. सात होत्या. पण सातवीच्या पोटाखाली एक करडू होतं. चार-पाच थरथरत्या रेघा, काडीसारखे पाय. पाच वर्षांचं मूल काढेल अगदी तसं.

मी तिचं मनगट इतकं जोरात धरलं की पेन्सिल खाली पडली.

“हे तू काढलंस?”

“आय डिडन्ट, आई.”

“खोटं बोलू नकोस!”

ती रडली नाही. नुसती बघत राहिली, आणि मला ती कबुलीच वाटली. नोकरी जाईल, ते एक वेळ चालेल. पण पोरीचं नाव कागदोपत्री लागेल, तिचा बाप कंपनीत काय तोंड दाखवेल? ड्रॉवरमध्ये खोडरबर होतं. पेन्सिलच तर आहे, हलक्या हातानं निघेल. मी खोडरबर कागदाजवळ नेलंसुद्धा.

“डोन्ट!” तिनं माझी बाही ओढली. “ते दूध पितंय!”

तेवढ्यात दार ढकलून आमची मॅनेजर खदिजाआपा आत आली. माझ्या हातातलं खोडरबर बघून दारातच थांबली.

“ठेव ते खाली. आधी ठेव. काय झालं?”

मी कसंबसं सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला. इटलीहून पाठवलेला फोटो मोठा केला. सातव्या शेळीच्या पोटाखाली करडू होतं.

“साडेतीनशे वर्षांपूर्वी तुझी लेक होती का तिथं?” आपा म्हणाली. “आणि तू सात कशा लिहिल्यास गं?”

तेव्हा मला आठवलं. आमच्या बीडला आईच्या शेळ्या होत्या. अंगावर पिणारं करडू त्या राखणारी चंपाबाई कळपात धरायचीच नाही. म्हणायची, दूध सुटेपर्यंत ते शेळीचंच अंग. सकाळी मी तशाच मोजल्या होत्या, करडावर नजर थांबलीच नव्हती.

“आमच्या रत्नागिरीत आधी पिल्लूच मोजलं असतं,” आपा हसली. “खलास. आठ कर, सही कर.”

मी आठ केले. आकडा वाकडाच आला. अक्षता पार भिंतीपाशी जाऊन उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. मनगटावर माझी बोटं उमटली होती.

“ये ना बाळा. जवळून बघ. मीच चुकले.”

“आय कॅन सी फ्रॉम हिअर,” ती म्हणाली.