कुपेचं छप्पर

आमच्या कुपेचं, म्हणजे अंगणातल्या जुन्या मोटारीचं छप्पर मी कापायला लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण धीरज, म्हणजे माझा मुलगा, सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलाय की आईने बाबांना गुंडाळलं. मी कुणाला गुंडाळलं नाही. ज्या माणसाची पाठच वाकत नाही त्याला गुंडाळणार कसं?

तो माणूस म्हणजे आमचे नीलकंठराव. धारला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. उंची सहा फूट. रिटायर झाल्यावर मानेपासून कमरेपर्यंतचे मणके हळूहळू एकमेकांना चिकटत गेले, आणि इंदूरच्या डॉक्टरने एक्स-रे दाखवून सांगितलं की आता हे असंच राहणार. दुखणं गेलं, पण वाकणंही गेलं. चालतात झपाझप, जिना चढतात, खुर्चीत बसतात. फक्त मान खाली होत नाही आणि वळत नाही. कुणाशी बोलायचं तर अख्खे वळतात. मी बाजूला उभी राहून काही बोलले की म्हणतात, "समोर ये, मग भांड."

अशा माणसाला मोटारीत बसवून बघा! दाराच्या वरच्या काठावर कपाळ आपटतं. बसमध्ये डोकं लागत नाही, पण पायाखालची पायरी दिसत नाही. एकदा इंदूरच्या स्टँडवर पायरी चुकली आणि हे सरळच्या सरळ आडवे झाले. तेव्हापासून बस बंद. मग धीरजने डोकं चालवलं. लोडिंगच्या छोट्या गाडीत मागे खुर्ची, खुर्चीला दोर, खुर्चीत हे, आणि मी पुढे ड्रायव्हरजवळ. असे आम्ही एका लग्नाला लोहारद्याला गेलो. मंडपाच्या दारातल्या माणसाने लांबूनच हात केला आणि ओरडला, "सामान पीछे के गेट से!"

लोक हसले. हेही हसले. म्हणाले, "बरोबर है भिया, सामान भारी है." मला वाटलं, चला, गंमत झाली. पण घरी आले ते आलेच. त्यानंतर धारच्या बाहेर पाऊल नाही. कुणाचं बारसं असो, कुणाची मुंज असो, यांचं उत्तर ठरलेलं, "तू जाऊन ये."

आणि आता वल्लरीचं लग्न ठरलं. वल्लरी आमच्या लेकीची, नीतूची मुलगी, एकुलती एक नात, देवासला वाढलेली. लग्नही देवासलाच. हे म्हणाले, "आशीर्वाद व्हिडिओवर देईन." मी वल्लरीला फोन लावून यांच्या हातात दिला, म्हटलं, सांगा तुम्हीच. ऐकून ती रडायला लागली. "आजोबा, तुम्ही नाही आले ना, तो मैं मंडपात बसणारच नाही. सच्ची बोलतेय."

मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. त्या दारातल्या माणसाचा आला, यांच्या हट्टाचा आला, आणि जगातल्या तमाम मोटारींच्या छपरांचा आला.

त्या छपरांपैकी एक आमच्याच अंगणात होतं. सासऱ्यांनी एका संस्थानी अधिकाऱ्याकडून घेतलेली दोन दारांची विलायती कुपे. कंपनीचं नाव समोरच्या जाळीवरून कधीच गळून पडलंय, त्यामुळे आम्ही तिला नुसतं कुपे म्हणतो. यांना तिच्यात बसता येईना तेव्हा चाकं काढून तिला पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढवली. अर्पित नावाचा एक पोरगा अधूनमधून येऊन इंजिन चालू करून जायचा, तेवढाच तिचा व्यायाम. दर रविवारी हे मऊ फडकं घेऊन तिला पुसायचे. वाकता येत नाही, त्यामुळे दारं, दिवे, बंपर सगळं धुळीत, आणि छप्पर मात्र असं लखलखीत की त्यात बघून भांग पाडावा. अख्ख्या गाडीत यांच्या हाताला येईल एवढी तीच एक जागा उरली होती.

नेमकं तेच कापायचं माझ्या मनात आलं.

झालं असं की आमच्या गल्लीतून एक वरात गेली. नवरदेव घोड्यावर नव्हता, उघड्या मोटारीत उभा होता. मी वरातीत शिरले आणि थेट ड्रायव्हरला विचारलं, "ही गाडी अशीच मिळते का हो?" ड्रायव्हर म्हणजे आमचा अर्पितच निघाला. "नाही काकू, मीच कापली. जुनी गाडी आणायची, ग्राइंडर फिरवायचा, छत अलग. दूल्हा लोकांना हीच पायजे आता."

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी यांना सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "कुपेचं छप्पर कापू या. म्हणजे तुम्हाला मान न वाकवता बसता येईल, आणि वल्लरीच्या लग्नाला माणसासारखे जाल."

यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि अख्खे वळून आत गेले. दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. धीरज इंदूरला वकिली करतो, तो हे ऐकून धावत आला. "आई, ती व्हिंटेज आहे! लोक अशा गाड्यांना जिवापाड जपतात. एकदा कापली की भंगार."

"तुझे वडीलही व्हिंटेजच आहेत," मी म्हटलं, "त्यांना कोण जपणार? आणि परवानगी-बिरवानगी काय लागेल ते तू बघ. वकील कशाला झालास?"

तिसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी हे फडकं घेऊन शेडमध्ये गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. छप्पर पुसलं, कोपरे पुसले, पुन्हा पहिल्यापासून पुसलं. मग फडक्याची नीट घडी करून खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "बोलव त्या अर्पितला."

आता खरं सांगते. वल्लरीचं लग्न हे कारण होतंच. पण माझंही एक कारण होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला यांच्या शेजारी बसून कुठेतरी जायचं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही जिथे गेलो तिथे शेजारी बसून गेलो, आणि गेली कित्येक वर्षं हे मागे सामानासारखे आणि मी पुढे ड्रायव्हरजवळ. या वयात असलं बोलून दाखवलं तर लोक हसतील म्हणून गप्प होते.

अर्पित ग्राइंडर घेऊन आला. दसऱ्याला लावतो तसं मी कुपेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मनातल्या मनात माफी मागितली. त्याने खडूने रेघ मारली आणि यंत्र सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. हे आत जाऊन रेडिओ मोठा करून बसले. तासाभराने चौघांनी मिळून छप्पर उचललं, आणि कुपे कशी दिसली म्हणून सांगू? एकदम तरुण! मला हसूच आलं.

ते हसू फार टिकलं नाही. अर्पितने चाकं बसवली, मधल्या विटा काढल्या, आणि गाडी जमिनीवर येताच काहीतरी कर्रकन वाजलं. कुपे मधोमध खाली बसली, जुन्या बाजेसारखी. अर्पितने दार ओढलं. उघडेना. दुसरं ओढलं. तेही उघडेना.

"अरे यार," अर्पित डोकं धरून म्हणाला. "काकू, माझ्या गाड्यांना खालून चेसिस असते, लोखंडी सांगाडा. हिच्यात ती नाहीच. छतच हिला पकडून होतं. मी खाली बघितलंच नाही."

"मी म्हटलं होतं," धीरज म्हणाला.

त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण बोलून झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. यांच्या हाताला येणारी एकच गोष्ट होती, ती मी कापली. आता ना छप्पर ना गाडी, आणि लग्नाला जाणं तर लांबच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

खोलीतला रेडिओ बंद झाला. मी डोळे पुसून दारात आले तर हे कुपेपासून दहा पावलं लांब उभे होते. जवळ गेले तर त्यांना खालचं दिसत नाही, म्हणून लांबून बघत होते. बराच वेळ बघितलं.

"पाठ गेली हिची," ते म्हणाले. "अर्पित, जॅक लावून मधे उचल. जेवढी बसली तेवढी वर घे, केसभर जास्तच घे. मग खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी अँगल वेल्ड कर. दोन्ही बाजूंना. आणि दारंही वेल्ड करून टाक, तेवढीच मजबुती."

"काका, दारं बंद केली तर तुम्ही चढणार कसे?"

"वरून. आता वर आहेच काय अडायला?" मग ते माझ्याकडे वळले, अख्खे. "रडतेस काय? माझ्यासारखी ताठ होईल. पुन्हा वाकायची नाही."

आणि हसले. लोहारद्यासारखे नाही, खरं हसले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल असा काही जिव्हाळा दाटून आला की मी ताबडतोब ओरडले, "उन्हात उभे राहू नका!"

लग्नाच्या सकाळी अंगणात गल्ली जमली. धान्याच्या कोठीखालची घडवंची कुपेला लावली. एका बाजूने धीरज, दुसऱ्या बाजूने अर्पित. "पाय वर, काका. अजून. अब अंदर." गुलाबी फेटा बांधलेले नीलकंठराव हत्तीवर चढावं तसे कुपेत चढले आणि मागच्या सीटवर ताठ बसले. धीरज मला म्हणाला, "आई, तू माझ्या गाडीत ये, एसी आहे."

"गेला तुझा एसी खड्ड्यात," मी म्हटलं, आणि पदर खोचून घडवंचीवर चढले. मग त्याच्या एसीत माझ्याऐवजी घडवंची बसली.

इंदूरचा बायपास ओलांडेपर्यंत निदान वीस मोटरसायकलींनी आमचे व्हिडिओ काढले. एकाने विचारलं, "भिया, बारात किसकी है?" हे समोर बघतच म्हणाले, "अपनीच." देवासला मंडपाजवळ पोचलो तर बँडवाल्यांना वाटलं नवरदेवच आला. त्यांनी ढोल-ताशे सुरू केले. वरपक्षाची मंडळी हार घेऊन धावली आणि सत्तरी उलटलेला नवरदेव बघून थबकली. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि हार यांच्याच गळ्यात पडला. पिवळ्या साडीतली, मुंडावळ्या बांधलेली वल्लरी मंडपातून पळत बाहेर आली, मावश्या "अगं, अगं" करत मागे. ती घडवंचीवर चढली आणि आजोबांच्या गळ्यात पडली. फेटा वाकडा झाला. "आले! माझे आजोबा आले!" हे नुसते तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

लग्न उत्तम झालं. जिलबी जास्त गोड होती, पण तो देवासचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत आलेला. मी यांच्या शेजारी बसले होते, मला हवं होतं तसंच. बडबडत होते, विहीण कशी, जावई कसा. हे हूं हूं करत होते, नाक अगदी समोर. जरा वेळाने मनात आलं, शेजारी बसायला मिळालं, पण यांना मी दिसत कुठे होते?

तेवढ्यात हे म्हणाले, "अर्पित, तो पुढच्या काचेवरचा आरसा जरा हिच्याकडे फिरव."

"काका, मग मला मागची गाडी कशी दिसणार?"

"बाजूचा आरसा आहे की. फिरव. अजून थोडा. हां, बस."

मी वर बघितलं. आरशात यांचा चेहरा होता, म्हणजे त्यांना मी दिसत होते, वाऱ्याने केस विस्कटलेली. यांचे डोळे त्या आरशावर होते आणि तिथून हलायला तयार नव्हते. अर्पित पुढे बसून हसू दाबत होता. मला लाज वाटली, या वयात! मी केस सारखे केले, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हटलं, "अहो, पुढे बघा."

"पुढेच बघतोय," ते म्हणाले.