बिनआवाजाचा कॉम्प्युटर

बाबांना घरबसल्या कबड्डी बघता यावी म्हणून कल्पिताने नवा कॉम्प्युटर बनवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं घराबाहेर पडणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं.

बाबांचं, सदा घरत हे नाव उरणच्या आसपासच्या गावांत एकेकाळी लाउडस्पीकरवर पुकारलं जायचं. दिवसभर न्हावा शेव्याला ट्रेलरच्या फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी मैदानात उतरायचं, अशी त्यांची तरुणपणाची वर्षं गेली. उंची बेताची, पण चढाईला गेले की दम सुटायचा नाही. आता फुफ्फुसं कडक होत चालली होती. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. "आहे ते टिकवायचं," एवढंच ते म्हणाले. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि नळी पुरेल तेवढंच घर.

गावोगावचे सामने हल्ली लोक नेटवर दाखवतात. मोबाईलवर बाबांना खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे. म्हणून कल्पिताने तिचा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर टीव्हीला जोडून पाहिला. सामना सुरू झाला की त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागायचा. शेजारी ऑक्सिजनचं मशीन धापा टाकतच असायचं.

"एक गिरण नाकाशी, एक कानाशी," बाबा म्हणाले. "बंद कर गो. डोका फुटल माझा."

ऑक्सिजनचं मशीन तिने लांब नळी लावून स्वयंपाकघरात नेलं. राहिला प्रश्न कॉम्प्युटरचा. तो तिने मनावर घेतला. कंटेनर यार्डच्या ऑफिसात दिवसभर पावत्या आणि गेटपास केल्यावर ती मोबाईलवर प्रोसेसरची माहिती वाचत बसायची. आपल्या हातात येण्यासारखं घरात तेवढंच एक काम आहे, असं तिला वाटायला लागलं होतं.

पनवेलला प्रणयचं दुकान होतं. त्याने आधी मोठा, आठ कोअरचा प्रोसेसर पुढे केला.

"हाच घ्या ताई. पुढची पाच वर्षं बघायला नको."

कल्पिताने खोका बाजूला सारला. "पाच वर्षांचं नको," ती म्हणाली. "कमीत कमी वीज खाणारा दाखव. इन्व्हर्टरवर चालवायचाय."

"त्याला काय होतंय? चालेल की."

"त्याच इन्व्हर्टरवर बाबांचं ऑक्सिजनचं मशीन आहे. लाईट गेली की याने खाल्लेली वीज त्याच्या वाटणीतली जाणार."

प्रणयने खोका परत फळीवर ठेवला आणि मग नीट बोलायला लागला. सामने आणि सिनेमे बघायला लहान प्रोसेसर पुरतो. चित्र दाखवायची सोय त्याच्यातच असते, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कमी वीज खाणारा तापतोही कमी, आणि तापला नाही की पंखा ओरडत नाही. पाण्याने थंड करायची सोयही त्याने दाखवली. नळ्या, रंगीत दिवे.

"यात पंप असतो ना? त्याचा आवाज?"

"थोडी गुणगुण असते."

"मग नको. पंखाच नसला तर?"

"नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर भागतं, पण एसीच्या खोलीत. तुमच्याकडे एप्रिलमध्ये छताचा पत्रा तापल्यावर नाय भागणार."

शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. उंच पट्ट्यांचा मोठा कूलर आणि त्याला तळहाताहून मोठा, सावकाश फिरणारा पंखा. लहान पंख्याला वारा द्यायला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं, मोठ्याला नाही. प्रणयने तो एका ठरावीक वेगापुढे जाणार नाही असं करून दिलं. हार्ड डिस्कची टकटक नको म्हणून तिच्याऐवजी बिनआवाजाची एसएसडी घेतली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कल्पिताने कॉम्प्युटर टीव्हीखाली ठेवला आणि बटण दाबलं. आई, बायजा, दाराशी उभी होती.

"चालू हाय का?" बायजाने विचारलं.

"आहे."

"मग आवाज कसा नाय?"

कल्पिताने आईचा हात धरून पेटीच्या मागे नेला. बोटांना मंद, कोमट वारा लागला. बायजा हसली. या घरात हसणं ऐकू आल्याला बरेच दिवस झाले होते.

पेणकडच्या कुठल्याशा गावचा सामना चालू होता. बाबांना तिने उशा लावून बसवलं. खोली इतकी शांत होती, की मैदानावरच्या पावलांची धप् धप् ऐकू येत होती आणि चढाई करणाऱ्या पोराचं दबक्या आवाजातलं 'कबड्डी कबड्डी कबड्डी'. बाबांचे डोळे चमकले. त्यांनी चादरीखाली एक पाय ताठ केला.

"कोपऱ्यातला बघ, कोपऱ्यातला," ते पुटपुटले. "पाय टाक, टाक..."

कल्पिता टीव्हीकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. म्हणून तिला दिसलं, की त्या पोराने मध्यरेषा ओलांडली तेव्हा बाबांची छाती हलायची थांबली. ते पोर आत गेलं, वाकलं, पकडीतून निसटलं. बाबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. पोराने रेषा गाठली तेव्हाच बाबांनी तोंड उघडलं, आणि जो खोकला सुरू झाला तो थांबेना. बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावरचा आकडा भराभर उतरत गेला. ओठ काळे-निळे पडले. बायजा पाठ चोळत होती, कल्पिताने स्वयंपाकघरात धावत जाऊन मशीन वाढवलं.

बऱ्याच वेळाने आकडा वर आला.

"बाबा, तू दम धरतोस," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर तूही धरतोस."

"नाय धरणार. लाव."

तिने लावलं. पुढच्या चढाईला त्यांनी खरंच प्रयत्न केला, मोजून श्वास घेतले. तिसऱ्या चढाईला पुन्हा तेच झालं. सगळी उमर अंगाला लागलेली सवय, मनाने सोडली तरी छाती सोडत नव्हती. आवाज बंद करून पाहिला. ते नुसत्या चित्राबरोबरही दम धरत होते.

कल्पिताने टीव्ही बंद केला.

"लाव गो बाय."

"नाय बाबा."

"मना दुसरा काय उरलाय?"

तिने डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, असले ताण नकोतच. मग तिने सिनेमे लावले, भजनं लावली, समुद्राखालचे मासे लावले. बाबा तिच्या समाधानासाठी थोडा वेळ बघायचे आणि भिंतीकडे वळायचे. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की एकदाच विचारायचे, "लावतेस?" ती नकारार्थी मान हलवायची. नंतर त्यांनी विचारणं सोडलं.

दिवाळीनंतर त्यांना पनवेलच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी आले ते नाकावाटे श्वास आत ढकलणारं मोठं मशीन घेऊनच. त्याला लांब नळी चालत नव्हती, म्हणून ते खाटेला लागूनच ठेवलं. ते ट्रकच्या इंजिनासारखं घरघरायचं. खोलीत बोलायचं तर ओरडावं लागे. कॉम्प्युटर आवाज करतो की नाही, याला आता काही अर्थ राहिला नव्हता.

एका दुपारी कल्पिताला राहवलं नाही. तिने गावच्या स्पर्धेचा सामना लावला. स्वतःच्याच गावचा संघ, टीव्हीत ओळखीचं मैदान. आवाज मोठा केला आणि बाबांच्या बोटावरच्या आकड्यावर नजर ठेवून, बटणावर हात ठेवून बसली. पहिली चढाई झाली. दुसरी झाली. आकडा जिथे होता तिथेच राहिला.

"बाबा, आपला संघ हाय," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांचे डोळे टीव्हीकडेच होते. छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती, चढाईशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिने तो सामना शेवटपर्यंत चालू ठेवला. मध्येच कधीतरी त्यांनी दम धरावा, आकडा एकदा तरी हलावा, असं तिला वाटत राहिलं, आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःची भीती वाटली.

गावचा संघ जिंकला. बाहेर कुणीतरी फटाके लावले.

बायजा पेजेची वाटी घेऊन आली. "उचल त्यांना जरा," ती म्हणाली. कल्पिताने बाबांच्या पाठीखाली हात घातला. ते इतके हलके झाले होते, की तिला जोर लावावाच लागला नाही. चमचाभर पेज तोंडात गेली, अर्धी हनुवटीवर आली. बायजाने पदराने ती पुसली आणि दुसरा चमचा भरला.