खंडेनवमीनंतरचा चौदा नंबर

लातुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आठ महिन्यांच्या जयाला मांडीवर घेऊन, दीपमाला नांदेडच्या एका खासगी बालरुग्णालयातले एकवीस कॉम्प्युटर घरूनच, इंटरनेटवरून सांभाळायची. काम घेतलं तेव्हाच तिथला मॅनेजर रविकिरण म्हणाला होता, "ताई, सगळ्यांना स्टॅटिक आयपी देऊन टाका. एकदा दिला की नंबर हलत न्हाई." पण त्यासाठी नांदेडला जाऊन एकेका मशीनपुढं बसायचं, म्हणजे दोन दिवस. जया तर बाटली तोंडात धरत नव्हती. दीपमालानं डायनॅमिकच राहू दिलं. प्रत्येक कॉम्प्युटरचा नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, राउटर आपला आपण वाटायचा. वाटलेले नंबर तिनं वहीत उतरवले आणि त्या वहीवरच भिस्त ठेवली.

खंडेनवमीला रुग्णालयात राउटरसकट सगळं बंद करून पूजा झाली. मशिनींना हळदीकुंकू लागलं, फुलं वाहिली आणि ज्यानं त्यानं आपापला कॉम्प्युटर चालू केला. नंबर नव्यानं वाटले गेले. तिला कुणी कळवलं नाही, तिनंही विचारलं नाही.

दुपारी रविकिरणचा फोन. "बिलिंगचा अडकून बसलाय ताई. लोकं बोंबलून राहिलेत."

वहीत बिलिंगपुढं चौदा होतं. तिनं चौदा नंबरला रिस्टार्ट दिला.

"अजून तसाच हाय की."

तिनं परत दिला.

थोड्या वेळानं नीलम्मा सिस्टरचा फोन आला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात तिघांचा ऑक्सिजन एकाच स्क्रीनवर दिसायचा, गजरही तिथूनच वाजायचा. नव्या वाटपात चौदा नंबर त्याच कॉम्प्युटरला गेला होता. "आमची स्क्रीन दोनदा गेली. मी एकाला सुई लावून राहिले होते, पाठमोरी. गजर वाजलाच न्हाई, ताई."

"बाळं?"

"भोकरचं होतं ना, काल आलेलं," एवढं बोलून नीलम्मा रडायला लागली.

संध्याकाळी रविकिरण दबक्या आवाजात म्हणाला, "सिस्टरचं लक्ष नव्हतं असं लिहू. तुमचं नाव कशाला? तुम्हाला बी लेकरू हाय."

"तिचं नाव लिहू नका. रिस्टार्ट मी दिला. दोनदा."

"पोलीस येतील, ताई."

"येऊ द्या."

दोन्ही रिस्टार्टच्या वेळा तिच्या मशीनवर नोंदलेल्या होत्या. त्या तिनं नीलम्माला पाठवल्या. मग जयाला पाजून निजवलं आणि तिच्या नाकापुढं बोट धरून बसली. श्वास लागत होता. तरी तिनं बोट काढलं नाही.