परीक्षा संपल्यावरची सुट्टी

"व्हिसा होईपर्यंत हा माणूस दर दोन तासांनी फोन करायचा. आता आपण दारात येऊन बसलो, तर म्हणे मीटिंगमध्ये."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून दबका आवाज आला आणि सुगंधाने चहा गाळता गाळता शेजारी पाहिले. मीटिंगमधला माणूस तिथेच उभा राहून फरसाण खात होता.

"कोण आहे?" निमेशभाईने नुसत्या भुवयांनी विचारले.

"दर्शनाचे आईवडील. दिंडोशीवरून आलेत."

निमेशभाईने हातातली पापडी परत पुडीत टाकली. चौदा वर्षांत सुगंधाने हे पहिल्यांदाच पाहिले.

घाटकोपर पूर्वेच्या निमेशभाईच्या या ऑफिसातून पोरे परदेशी शिकायला जात. सुगंधाला ठेवले होते फायली लावायला आणि चहा करायला. शिक्षण दहावी, तेही इंग्रजीत लटकलेले. पण फायलीत कागद लावायचा तर तो कशाचा ते कळायला नको का, एवढ्याच हट्टापायी तिने नियम वहीत उतरवायला घेतले. अडलेला शब्द काउन्सेलर पोरींना विचारायची. दोन वर्षांत त्या पोरीच तिला विचारू लागल्या. इंग्लंडला निघालेल्या प्रत्येकाला ती बजावायची, "कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास. आठवडा सोमवार ते रविवार. वीसचे एकवीस करायचे नाहीत. सुट्टी लागली की मग हवं तेवढं राब." डबा हातात देताना आई सांगते, त्याच सुरात.

विमानात बसली की पोरे ऑफिसचा नंबर विसरत, तिचा नाही. एकाने तर मँचेस्टरहून वाल किती तास भिजवायचे तेही विचारले होते. निमेशभाई हसून म्हणायचा, "मावशी, तुम्ही काउन्सेलर नाय हां, फोनवर सल्ले देऊ नका." आणि अडले की तोच फोन तिच्याकडे सरकवायचा.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा दर्शनाचे वडील धम्मपाल मोबाइल निमेशभाईसमोर धरून बोलत होते. बस डेपोतला मेकॅनिक, आवाज न चढवणारा माणूस.

"दोन आठवडे पोरीने गोदामात चौतीस-चौतीस तास काम केलं. मग तिनेच कॉलेजच्या वेबसाइटवर वाचलं. बी.ए.वाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी असते. हिचं एमएस्सी. पेपर संपले तरी प्रबंध सप्टेंबरपर्यंत चालतो, म्हणून ते महिने सुट्टीत धरत नाहीत. वीसच तास चालतात. वाचलं त्याच दिवशी काम सोडलं तिने आणि स्वतःहून कॉलेजात व्हिसाचं बघणाऱ्या बाईला जाऊन सांगितलं."

"स्वतःहून?" निमेशभाई कळवळला. "का पण?"

"खोटं बोलायला शिकवलं नाही तिला," दर्शनाची आई मीरा म्हणाली. "आता व्हिसा जाईल की राहील ते माहीत नाही. कसं घडलं ते आज कॉलेजला लेखी द्यायचंय."

सुगंधाने ट्रे टेबलावर ठेवला. कप वाजले.

तीन आठवड्यांपूर्वी दर्शनाचा फोन आला होता, इथेच. मावशी, पेपर संपले, गोदामात पूर्णवेळ घेतायत, करू ना? आणि तिने, चौदा वर्षे नियम घोकणाऱ्या बाईने, तारखांचा कागद मागितला नव्हता. पेपर संपले की सुट्टी. मुलुंडच्या शाळेत तिची लहानपणी लागायची तशी, तिच्या मुलांची लागायची तशी. त्यात काय विचारायचे? "मग सुट्टीच की गं. कर बिनधास्त," ती म्हणाली होती, आणि समोर बसलेल्या निमेशभाईने मान डोलावली होती.

"तिला कोणी सांगितलं काय असं?" निमेशभाईने विचारले. छताकडे बघत.

"म्हणते, माझाच गैरसमज झाला," मीरा म्हणाली. कपाकडे बघत.

धम्मपालने सुगंधासाठी खुर्ची थोडी ओढून दिली. त्या ओढण्यात तिला कळले की या दोघांना ठाऊक आहे. व्हिसा आला त्या दिवशी मीराने याच खोलीत तिला मिठी मारली होती. ती मिठी बिचारीला आता आड येत होती.

निमेशभाईने लॅपटॉपवर दर्शनाला फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. पोरीचे डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले.

"लिहिलंय मी," ती म्हणाली. "नियम वाचण्यात माझी चूक झाली, असं. खाली एक प्रश्न आहे, कोणाच्या सल्ल्याने काम घेतलं. तिथे लिहिते, कोणाच्याच नाही."

"झकास," निमेशभाई म्हणाला. "असंच पाठव. सिंपल ठेवायचं."

"ती कॉलेजातली बाई काय म्हणाली गं तुला?" सुगंधाने मागूनच विचारले.

दर्शना थबकली. "मावशी, तुम्ही आहात तिथे?" मग हळूच, "म्हणाली, घडलं तसं लिही. उद्या काही वेगळं निघालं, तर मला तुझ्या बाजूने बोलता येणार नाही."

"मावशी, जरा आतला फोन बघा ना," निमेशभाई म्हणाला. आतला फोन वाजत नव्हता. मग तो गुजरातीमिश्रित मराठीत पुटपुटला, "कागदावर नाव गेलं तर मी तुम्हाला इथे कसा ठेवू, विचार करा जरा."

"राहू द्या ना ताई," मीरा घाईने म्हणाली. "पोरगी बरोबर लिहितेय. तुम्ही तिचं किती केलंत."

"केलं ते केलं," सुगंधा म्हणाली. "म्हणून काय हे तिच्या अंगावर टाकू?"

तिने पदराला हात पुसले आणि धम्मपालने ओढलेल्या खुर्चीत बसली. टेबलाच्या त्या, आईवडिलांच्या बाजूला ती आजवर कधी बसली नव्हती.

"दर्शना, ते कोणाच्याच नाही लिहू नकोस. माझं पूर्ण नाव लिही, सुगंधा दत्ताराम परब. ऑफिसचंही लिही, फोनची तारीख तुझ्या मोबाइलमध्ये सापडेल. मी विचारलं नाही, पाहिलं नाही आणि तुला सांगितलं. तू चुकली नाहीस, बाळा. मी चुकले."