पेंड आमची, तेल लोकांचं

मी मंठाळच्या वीरण्णाचा तेलघाणा बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, आज जरा चिडूनच बोलणार आहे. गोल फिरण्याचा मला कंटाळा नाही, तो माझा धंदाच आहे. पण मी जागच्या जागी नीट उभा असताना भोवतीच्या माणसांनी कंट्रोल, परवाने, योजना घेऊन फिरत राहावं आणि गरगरावं मात्र मला, याला काय म्हणावं?

माझं उखळ काळ्या दगडाचं. वीरण्णाच्या वडलांनी ते कल्याणी गावच्या पाथरवटाकडून कोरून घेतलं आणि ओंडक्यांवरून ढकलत ढकलत गावात आणलं. उखळात बाभळीची लाट, म्हणजे रगडायचा जाड दांडा, उभी. तिला जोडलेली आडवी फळी, फळीच्या पुढे बैल, फळीवर वजन म्हणून बसलेलं घरातलं कुणीतरी. बैल फिरला की लाट फिरते आणि तिच्याखाली करडई रगडली जाते. यात न समजण्यासारखं काही नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

रीतही साधी. बी ज्याचं, तेल त्याचं. गिऱ्हाईक आपली करडई घेऊन येई आणि तेलाचं मडकं घेऊन जाई. मागे उरलेली पेंड तेवढी आमची, तीच आमची मजुरी. ती विकून घर चाले, त्यातलीच थोडी बैलाच्या तोंडी जाई. घरात सकाळपासून तेल निघे, पण त्यातला थेंब घराचा नसे. फोडणीपुरतं तेल हवं तर वीरण्णाही आपलं बी विकत आणून गाळी. लोक याला इमान म्हणत. सरकारनं याला काय म्हटलं ते पुढे येईलच.

सोमवारी मात्र मी उभा. आमच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल म्हणजे बसवण्णाचं रूप. त्या दिवशी आमचा बैल खिल्या अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून सावलीत रवंथ करी आणि माझ्या फळीवर कोंबड्या बसत.

निजामाचं राज्य गेलं, चावडीवरचा झेंडा बदलला. लोक म्हणाले, आता आपलं सरकार. मला बरं वाटलं. आपलं म्हटल्यावर विचारपूस होणार. झाली की. आधी परवाना मागितला, मग परवान्याचा परवाना.

रत्नम्मा सून म्हणून आली त्या साली समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई चालली होती. त्या लढाईचा आणि मंठाळच्या करडईचा काय संबंध, हे मला आजवर कुणी नीट समजावलेलं नाही. पण तेलबियांचे भाव असे चढले की व्यापाऱ्यांच्या गाड्या खळ्यावरूनच बी उचलू लागल्या. घरच्या फोडणीसाठी राखलेलं बीसुद्धा लोकांनी विकून टाकलं. मी कोरडा ठणठणीत. हुलसूरच्या आईबापांनी पोर घाण्याच्या घरी हौसेनं दिलेली, तेलातुपात राहील म्हणून. त्या नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात सासूला विचारलं, फोडणीला तेल कुठाय. सिद्धव्वा म्हणाली, शेजारच्या राजूबाईकडून आण जा वाटीभर.

रत्नम्मानं वाटी उचलली. तिची बोलायची तऱ्हा अशी की आधी ओठ मिटायचे, मग एका कोपऱ्यात जरासे ओढायचे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागायचं. वाटी घेऊन गेली, वाटी घेऊन आली. येताना माझ्याकडे तिनं एक नजर टाकली. तेव्हापासून माझं तिच्याकडे लक्ष.

पुढच्या साली लढाई निवळली म्हणे, आणि भाव जे कोसळले ते कोसळलेच. व्यापारी पाठ फिरवून बसले. आणखी चढेल म्हणून ज्यांनी बी दडवलं होतं ते सगळे पोती घेऊन आमच्या दारात. खिल्याला दम खायला सवड नाही, चन्नबसप्पाच्या, म्हणजे रत्नम्माच्या नवऱ्याच्या, हाताचं तेल वाळत नाही. चांगले दिवस आले म्हणावं, तर सगळीकडे पेंडच पेंड झाली. तिला विचारणारं कुणी उरलं नाही. त्यात फर्मान आलं, पेंड जिल्ह्याबाहेर न्यायची नाही. आमची पेंड लातूरच्या बाजारात जायची. ती आता छपराखाली थप्पी लावून बसली आणि उंदीर मात्र लठ्ठ झाले.

याच सुमाराला हुलसूरच्या रस्त्याला अमृतप्पाची इंजिनावरची तेलगिरणी सुरू झाली. अमृतप्पा आमच्याच जातीचा, पण इंजिनाला सोमवार नसतो.

चन्नबसप्पा आता जेवताना एकच बोलायचा. सोलापूरला जातो, कापडाच्या गिरणीत लागतो. वीरण्णाच्या गुडघ्यांत जोर उरला नव्हता. पोरगा गेला की खिल्या विकायचा, माझ्यावर पोतं टाकायचं, आणि रत्नम्मानं सोलापूरच्या चाळीत चूल मांडायची की इथं म्हाताऱ्यांपाशी राहून नवऱ्याची वाट बघायची, हे ठरवणारं कुणीच नव्हतं. ती जेवण वाढत राही. सोलापूरचं नाव निघालं की भाकरी ताटात जरा जोरात पडे, एवढंच.

अशात बातमी आली की सरकार गिरण्यांच्या तेलावर कर बसवणार आणि त्या पैशातून गावोगावच्या घाण्यांना हात देणार. नव्या धर्तीचा, बैलाला हलका जाणारा घाणा निम्म्या किमतीत. शिवाय पेंडेच्या विक्रीची सोय. चन्नबसप्पानं सोलापूरचं बोलणं थांबवलं. माझ्या शेजारची जागासुद्धा सारवून झाली.

मग नरहरराव आले, चौकशीचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. उन्हातून सायकल मारत आलेला, पाणी मागून प्यायला, खिल्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण आले ते सोमवारी.

त्यांनी माझ्या फळीवरच्या कोंबड्यांकडे पाहिलं. घाणा बंद दिसतोय, म्हणाले. वीरण्णानं सांगितलं की आज सोमवार आहे. त्यांनी मान डोलावली, पण ती ऐकल्याची होती, समजल्याची नव्हे. मग विचारलं, महिन्याला तेल किती काढता?

वीरण्णाचा हात गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याकडे गेला. सरकारी माणसापुढं खोटं बोलायचं नाही, असा त्याचा निर्धार.

"आमचं तेल थेंबभर बी न्हाई सायब. तेल लोकांचं. आमची निस्ती पेंड."

मला बोलता आलं असतं तर तिथंच लाट आपटली असती. अरे बाबा, तो तुझी नियत तपासत नाहीये, तेल विचारतोय. पण त्यांची पेन्सिल चालू लागली होती. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. सासऱ्यासमोर परक्या पुरुषाशी सून बोलते, हे त्या घरात पहिल्यांदाच होत होतं.

"बी लोकांचं, तेल लोकांचं, पेंड आमची. आन् दिवसभर फिरतंय कोण? फिरण्याला काई खातं न्हाई का सरकारात?"

सिद्धव्वानं आतून तिचा पदर ओढला. नरहरराव थांबले, दाराकडे बघून थोडं ओशाळून हसले. "फिरण्याला खातं नाही, बाई. उत्पादनाला आहे."

झालं. दोन पिढ्या तेल गाळणारा वीरण्णा सरकारदरबारी पेंडेचा व्यापारी ठरला, आणि मी बंद पडलेला. व्यापारी म्हणून परवान्याची वेगळी फी बसली. अमृतप्पाच्या आवारात मात्र तेलाचे डबे रचलेले. डबे त्याचे, तेल त्याचं, म्हणजे उत्पादक तो. ज्या गिरणीवाल्याकडून कर घेतला, त्यालाच तो कर नव्या घाण्याच्या रूपानं परत केला. सागवानी, गुळगुळीत, सुबक घाणा. नारळ फुटला, पेढे वाटले. बैल नव्हता, पण तो कुणी विचारला नाही. इंजिनावरची माणसं त्याच्या लाटेवर सदरे वाळत घालू लागली.

चन्नबसप्पाच्या तोंडी पुन्हा सोलापूर आलं.

वर्षभरानं अमृतप्पा स्वतः आमच्या दारात. चहा नको, पाणी नको, घाईत होता. दिलेला घाणा चालतो का ते बघायला नरहरराव येणार होते.

"चन्नबसप्पा, एक दिवस बैल घेऊन ये बाबा. दोन-चार फेरे मारायचे, दुसरं काय न्हाई."

वीरण्णानं बाजेवरूनच विचारलं, कोणत्या दिवशी. सोमवारी, असं उत्तर आलं, आणि देताना अमृतप्पाची नजर खाली गेली.

"बैल येईल. जू लागायचं न्हाई."

अमृतप्पा म्हणाला, अप्पा, सरकारी काम आहे. वीरण्णा म्हणाला, मग सरकारला मंगळवारी बोलवा. सरकारला असं बोलावता येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी अमृतप्पानं विनवलं, बैल नुसता शेजारी उभा दिसला तरी पुरे. चन्नबसप्पा निघाला तेव्हा रत्नम्मानं खिल्याचा कासरा त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, विचारतील तेवढंच खरं सांगा.

पुढचं मी चन्नबसप्पाच्या तोंडून ऐकलंय. नरहररावांनी चालवून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, आज सोमवार हाय. हे शब्द आधी कुठं ऐकलेत, असं आठवत ते घटकाभर उभे राहिले. मग बैल कुणाचा, विचारलं.

"आमचा."

"आणि तू?"

"मी बी आमचाच."

"मग घाणा?"

"घाणा सरकारचा हाय सायब. हितं सदरे वाळत घालायला ठिवलाय."

अमृतप्पा खोकू लागला. नरहरराव तसेच आमच्याकडे आले, पण मी सोमवारचा उभाच, म्हणून दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पुन्हा आले. बाजेवर बसून त्यांनी एक घाणा पुरता निघेपर्यंत पाहिला. गिऱ्हाईक बाई मडकं घेऊन गेली, पेंड उरली, ती वीरण्णानं टोपलीत भरली. नरहररावांनी टोपलीतली पेंड चिमटीत घेऊन पाहिली. मग म्हणाले, माझी चूक झाली, नवा घाणा इकडे हलवायची शिफारस करतो. फक्त हैदराबादेहून मंजुरी यायला हवी.

मंजुरी. पाऊस येऊन गेला, ज्वारी निघाली, करडई निघाली. विचारलं की उत्तर एकच, कागद पुढं गेलाय. किती पुढं, ते कुणी सांगेना. उन्हाळा संपता संपता चन्नबसप्पानं वळकटी बांधली. रत्नम्मानं भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली, वेशीपर्यंत गेली, परत आली. सिद्धव्वा म्हणाली, आता बैलाचं बघावं लागेल. म्हणजे विकायचं.

रत्नम्मानं पदर खोचला आणि खिल्याला माझ्याकडे आणलं. फळीवर वजन म्हणून बायका बसतच, पण पाणी किती शिंपडायचं, लाट कधी थांबवायची, हे पुरुषांचं काम. वीरण्णा बाजेवरून सांगू लागला, ती करू लागली. पहिलाच घाणा नासला. पाणी जास्त झालं, तेल गढूळ निघालं. बी राजूबाईचं होतं. रत्नम्मा मडकं घेऊन तिच्यापुढे मान खाली घालून उभी राहिली. राजूबाईनं मडक्यात डोकावून पाहिलं. "दिव्याला चालंल. माझ्या लग्नात बी असलंच तेल होतं, जळलंच की." दुसरा घाणा बरा निघाला, तिसऱ्याला वीरण्णा झोपी गेला, म्हणजे चांगलाच.

दिवाळीच्या आसपास एक दिवस भाषेवरून राज्यांची नवी वाटणी झाली आणि हैदराबाद राज्यच संपलं. आम्ही म्हैसूर राज्यात, नरहरराव मुंबई राज्यात, कागद हैदराबादेत, आणि नवा घाणा अमृतप्पाच्या आवारात, सदरे अंगावर घेऊन. यावर चिडायचं तरी कुणावर? ज्याच्यावर चिडावं तो बदलून गेलेला.

आणि परवा सकाळी चन्नबसप्पा दारात. गिरणीत कापड पडून राहिलं, खपेना, मालकानं एक पाळी बंद केली, नवे होते ते पहिले निघाले. त्यानं वळकटी टेकवली, आईबापाच्या पाया पडला आणि सरळ माझ्यापाशी येऊन रत्नम्मा फळीवरून उतरायची वाट बघत उभा राहिला. सिद्धव्वा चुलीपाशी थबकली. वीरण्णानं तोंड दुसरीकडे वळवलं.

रत्नम्मा उतरली नाही. ओठांचा कोपरा तेवढा हलला.

"हात धुवा आन् बी घाला. फळीवर मी हाय."

त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग रांजणाकडे गेला.

घरातल्या चौघांचं पोट एका घाण्याच्या पेंडेवर भरेल का, मला माहीत नाही. भरवणार कसं, याची योजना कुठंतरी शिजत असेलच. ती घेऊन येणाऱ्याला माझं एकच सांगणं. काही विचारण्याआधी घटकाभर इथं उभं राहा. पाणी मिळेल, बसायला बाज आहे. बरं, पुरे माझं बोलणं. बी पडलंय उखळात, आणि तिनं खिल्याला हाळी दिलीय.