तोरिकाची हातभर चटई

फिजीतल्या सुव्हाच्या मोठ्या इस्पितळात दोन वर्षांपूर्वी तोरिकाचं गर्भाशय गाठींसकट काढून टाकलं होतं. मूल झालेलं नव्हतं, आता होणारही नव्हतं. एका सकाळी खेकड्यांची टोपली उचलताना तिच्या मांड्यांमधून गोल, मऊ असं काहीतरी बाहेर डोकावलं, तेव्हा ती घाबरली नाही. तिवरांच्या चिखलात गुडघाभर रुतून ती नुसती थक्क झाली.

त्यांच्या गावच्या बायका अंड्यांवरची खेकडी घरी नेत नाहीत. एक नांगा मोडून घेतात आणि तिला सोडून देतात. पुढे कधीतरी तीच खेकडी चिमुकला नवा नांगा मिरवत भेटते. मग देवानं बाईच्याच बाबतीत हात आखडता का घ्यावा? तोरिकानं मनाशी पक्कं ठरवून टाकलं की गेलेलं परत आलं. कुणाला न सांगता तिनं केवड्याच्या पात्यांची हातभर, तान्ह्या बाळापुरती चटई विणायला घेतली, कडेला पिवळ्या लोकरीची झालर लावली.

"एवढीशी कुणाला गं?" नवऱ्यानं, आपेनिसानं विचारलं.

"मांजरीला."

चटई पुरी झाल्यावर ती आरोग्य केंद्रात गेली. सिस्टर सालासेईनींनी तिला खोकायला लावून तपासलं.

"मूत्राशय खाली उतरलंय, पोरी. ऑपरेशननंतर आतला आधार सैल पडतो. कितीजणींना होतं, सांगत कुणी नाही."

"म्हणजे ते परत नाही उगवलं?"

"अगं, तू काय खेकडी आहेस?" सिस्टर हसल्या पण तिचा चेहरा पाहताच त्यांनी हसू आवरलं. मग बराच वेळ तिचा हात हातात धरून बसल्या.

शेवटी त्यांनी मूत्राशय वर धरायला बांगडीएवढं मऊ कडं आत बसवलं. तोरिका उभी राहिली, तर ओझं गायब. सिस्टर म्हणाल्या, "टोपल्या सध्या बंद. रोज कमरेखाली काहीतरी घेऊन पडायचं आणि लघवी अडवल्यासारखं आत आवळायचं."

घरी कमरेखाली घ्यायला तिला तीच चटई सापडली. गुंडाळी करून ती पडली आणि पोटभर रडली. आपेनिसा दारातून आत आला, चटईकडे पाहत राहिला. त्याला सगळं कळलं असावं. तो तिच्या उशाशी बसला.

रडून झाल्यावर तिनं आवळून पाहिलं. आत, कधीच न दिसणाऱ्या जागी, काहीतरी बोटभर वर सरकलं. तिनं सोडलं, तसं ते खाली आलं. पुन्हा आवळलं, पुन्हा वर गेलं. तोरिका श्वास रोखून पडून राहिली.

"काय झालं?" आपेनिसानं विचारलं.

"आत कुणीतरी माझं ऐकतंय," ती म्हणाली.